गावाच्या वाईटावर

नानासो कोळेकरांना हिवरखिंडीत 'नानासो' अशी हाक फक्त पोस्टमन मारायचा. बाकी सगळं गाव त्यांना कलमनाना म्हणे. फौजेतून हवालदार होऊन ते परत आले, प्रांतानं त्यांना पोलीस पाटील नेमलं, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडात कलमांची भाषा जी बसली ती बसलीच. कुणाची शेळी कुणाच्या मटकीत शिरली, तर नाना बांधावर उभे राहून विचारायचे, "ही शेळी कंच्या कलमात बसती, ठावं हाय का?" शेळीला ठाऊक नसायचं, मालकाला नसायचं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा नानांनाही नसायचं. पण मालक घाबरून शेळी हाकलायचा आणि भांडण मिटायचं. कायद्याचा एवढा उपयोग गावाला पुरेसा होता.

हिवरखिंडी माण तालुक्याच्या शिवेला टेकलेली, पण जिल्हा सांगली. गावात माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि मेंढरांपेक्षा दगड जास्त. तरणे बाप्ये सोनं-चांदी गाळायच्या कामाला परमुलखात, नाहीतर मुंबईत. मागं राहिलेल्यांना पाण्याची वाट बघणं आणि एकमेकांची उणीदुणी काढणं हे दोनच धंदे. अशा गावात नानांना वाटायचं की फौजेतली शिस्त इथंही आणता येईल. तिथं त्यांनी पाहिलं होतं, सुभेदाराचा पुतण्या असो नाहीतर न्हाव्याचा, चुकला की पाठीवर पिठ्ठू आणि मैदानाला फेऱ्या. ही गोष्ट त्यांना इतकी आवडली होती की ती जगात सगळीकडे चालते असा त्यांनी समज करून घेतला. भोळा माणूस! आवाज मोठा असला की माणूस भोळा दिसत नाही, एवढंच.

पंच्याण्णव साली ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि गाव भाकरीसारखं मधोमध मोडलं. एका बाजूला बिराप्पा सरगर, दुसऱ्या बाजूला तायाप्पा सरगर. सख्खे चुलतभाऊ, एकाच आज्याचे नातू, एकाच बिरोबाचे भगत. भाऊबंदकी ही आपल्याकडची सगळ्यात खात्रीची शेती. पाऊस पडो न पडो, ती पिकते. बघता बघता गावात चहाची दोन हॉटेलं झाली, पिठाच्या दोन गिरण्या झाल्या. एका घरात सासू बिराप्पाची आणि सून तायाप्पाची निघाली, तर त्या घरात एकाच चुलीवर दोनदा स्वयंपाक व्हायला लागला. माणसं सोयऱ्याच्या मयतालाही आधी पार्टी विचारून जाऊ लागली.

आमच्या भागात मत पक्कं करायची एक रीत आहे. कागदावर कुणाचा विश्वास नाही, माणसाच्या जिभेवर तर त्याहून नाही. म्हणून बिरोबापुढच्या परडीतला भंडारा, म्हणजे हळद, चिमटीत उचलायची आणि काय ते बोलायचं. भंडारा उचलून बोललेला शब्द मोडला तर घरादाराचं वाटोळं होतं, असा पक्का समज. बिराप्पानं घरोघरच्या कारभाऱ्यांना देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला, दुसऱ्या दिवशी तायाप्पानं लावला. ज्यांनी दोघांचाही उचलला त्यांची पंचाईत झाली. ती माणसं पुजाऱ्याकडे गेली. पुजारी म्हणाला, "शेवटचा भंडारा कुणाचा? मग शिक्का त्येचाच." देवानं एवढी सोय ठेवली होती म्हणून बरं.

बिराप्पाचं पॅनेल निवडून आलं, पण काठावर. तालुक्याहून माणसं ट्रॅक्टरवर उभी राहून आली. उन्हं उतरायच्या आत वेशीपासून मिरवणूक निघाली. पुढं लखूची हलगी. लखू खालच्या वस्तीतला, दगडाबाईचा एकुलता एक. हलगी अशी वाजवायचा की काठी टेकत आलेलं म्हातारंही काठी बगलेत मारून खांदे उडवायला लागायचं. त्याला ना बिराप्पाचं सुख, ना तायाप्पाचं दुःख. ज्याची सुपारी त्याची हलगी. तायाप्पा निवडून आला असता तर लखूनं त्याच्यापुढंही तितक्याच जोरानं वाजवली असती.

नाना चावडीच्या कोपऱ्यावर छातीला बिल्ला लावून उभे होते. त्यांनी हात आडवा केला. म्हणाले, "मिरवणूक वरल्या आळीनं न्या. तायाप्पाच्या दारावरनं न्यायची न्हाई. जमावबंदीचं कलम लावीन." कुणीतरी "कलमनाना की जय!" असं ओरडून मूठभर गुलाल त्यांच्या टोपीवर फेकला. सगळे खो खो हसले आणि मिरवणूक सरळ तायाप्पाच्या दाराकडे वळली. दारापुढं येऊन ती पुढं सरकेचना. जागच्या जागी नाचत राहिली. नाना तिच्यामागून धावत गर्दी ढकलत पुढं गेले.

तेवढ्यात तायाप्पाचा मुलगा धुळा घरातून बाहेर आला. हातात मेंढरांच्या वाड्याला लावायचा सोटा. दारात नाचणाऱ्या बिराप्पाच्या पोरांवर हात टाकायची त्याची छाती झाली नाही. तो हलगीवर धावला. "बंद कर, बंद कर!" म्हणून ओरडला. लखू डोळे मिटून वाजवत होता, त्याला काही ऐकू आलं नाही. सोटा त्याच्या कानाच्या वर बसला. नाना इतक्या जवळ होते की हात लांब केला असता तर सोटा धरता आला असता. हे त्यांना पुढं आयुष्यभर पुरलं.

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, असं म्हणतात. इथं दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा जीव गेला. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच.

नानांनी धुळाचं मनगट धरून त्याला चावडीत आणून बसवलं. गावातल्या नात्यानं धुळा त्यांना मामा म्हणायचा. तो रडत होता, "मामा, म्या हलगी फोडाया गेलो व्हतो." नानांनी त्याला पाणी दिलं, पण मनगट सोडलं नाही. फौजदार आला तेव्हा त्यांनी स्वतः जबाब दिला, कुठं उभा होतो, काय बघितलं, सोटा कुठल्या हातात होता, सगळं. बिराप्पाच्या माणसांनीही तावातावानं जबाब दिले. त्या आठवड्यात अख्ख्या अर्ध्या गावाला कायदा फार आवडायला लागला होता.

बारावा झाल्यावर दगडाबाई नानांच्या अंगणात येऊन बसली. लखूला लागलं तेव्हा ती हातपंपावर होती. तायाप्पाच्या दारासमोरच. तिनंही बघितलं होतं, फौजदाराला तसं सांगितलंही होतं. ती रडली नाही. नुसतं विचारलं, "पाटील, त्याला सजा व्हईल?"

"व्हईल, मावशी. म्या डोळ्यांनी बघितलंय. कायद्याला पार्टी नसती."

"म्या गरीब बाई. त्येंच्या पांदीनं जाती, त्येंच्या हिरीवर पाणी भरती. कोर्टात काय बोलायचं मला समजत न्हाई. पर तुमी बोलाल तवा म्या बोलीन. संगं ऱ्हावा म्हंजे झालं."

"ऱ्हातो," नाना म्हणाले. असा शब्द त्यांनी फौजेत कर्नललासुद्धा दिला नव्हता. घरात येऊन ते बायकोला, राहीबाईंना म्हणाले, "ह्या म्हातारीचं काम झालं पायजे. न्हाई तर हा बिल्ला मी मेंढराच्या गळ्यात बांधीन."

केस चालू झाली म्हणजे तारखा चालू झाल्या. धुळा जामिनावर सुटून आला. गाव मात्र मोडलेलंच. दोन वर्षं बिरोबाची जत्रा भरली नाही, कारण पालखीला पहिला खांदा कुणाचा यावर डोकी फुटायची पाळी आली आणि पोलिसांनी जत्रेलाच बंदी घातली. देव कुलुपात राहिला. या भांडणाला लोकांचं मन विटलं होतं. पोरीबाळींची लग्नं अडली, उन्हाळ्यात टँकर कुणाच्या दारात थांबवायचा यावरून हाणामारी व्हायची. गावाला एकी नको होती असं नाही. फार हवी होती, आणि तिथंच सगळा घोळ आहे.

मग पंचायत समितीची निवडणूक आली. बिराप्पाला तिकीट पाहिजे होतं. तालुक्याच्या पुढाऱ्यानं त्याला सांगितलं, आधी गाव एक करून या, अर्धी मतं घेऊन माझ्या दारात येऊ नका. तायाप्पाला त्याचा मुलगा केसमधून सुटायला पाहिजे होता. दोघांची गरज एकाच वेळी उभी राहिली की प्रेमाला वेळ लागत नाही. एका रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळात गावकी बसली. बिराप्पा उठला, तायाप्पा उठला, आणि दोन्ही चुलतभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. नानांच्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा. त्यांना वाटलं, आता जत्रा भरेल, लग्नं लागतील, आणि आपल्याला काठी घेऊन मध्ये उभं राहायला नको.

"आपला माणूस वर गेला की कालव्याच्या योजनेचं पाणी शिवारात येतंय," कुणीतरी म्हणालं, आणि पाणी म्हटल्याबरोबर सगळी सभा एक होऊन हलली.

मग बिराप्पा नानांकडे वळला. "नाना, समदं बसलं जाग्यावर. एक खिळा तेवढा ऱ्हायलाय. त्यो काढून टाकू."

"कंचा खिळा?"

"कोर्टाचा."

बाकीच्या साक्षीदारांचं आधीच ठरलं होतं. एकेकानं मान खाली घालून तेच वाक्य म्हटलं: गुलाल लय व्हता, तोंडं वळकू आली न्हाईत. बिराप्पाच्या ज्या पोरांच्या पुढ्यात लखू पडला होता, त्यांनीही तेच म्हटलं. दोन वर्षांपूर्वी फौजदारापुढं हीच तोंडं कशी घडाघडा बोलत होती, ते नानांना आठवलं.

"आरं, माणूस मेलाय," नाना म्हणाले.

मग तायाप्पा पुढं आला. त्याचा आवाज खरोखर फुटलेला होता. "माझंबी लेकरू हाय, नाना. त्येनं काय मारायचं म्हणून मारलं व्हय? एका मड्यापायी दुसरं मडं पाडायचं, ह्यो कंचा कायदा? म्हातारीला गाव संभाळंल. आमी दोघं संभाळू."

"एक व्हा की. म्या कुटं नगं म्हणतो? धुळा कोर्टात उभा ऱ्हाऊ द्या, काय व्हईल ते हू द्या, आन् मग एक व्हा."

"कलमनाना," मागून कुणीतरी म्हणालं, "तुमच्या कलमावर गाव जगत न्हाई. पाण्यावर जगतंय." लोक हसले, पण त्या हसण्यात आता मजा नव्हती.

पुजाऱ्यानं परडी आणून नानांच्या पुढं धरली. बिराप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आमी तुमास्नी खोटं बोला म्हणतच न्हाई. भंडारा उचला आन् येवढंच म्हणा, गावाच्या वाईटावर जाणार न्हाई."

नानांनी तो शब्द मनातल्या मनात उलटसुलट करून बघितला, जसं एखादं कलम बघावं. गावाच्या वाईटावर जायचं नाही. बरोबर आहे. आपण कधी गेलो? खरं सांगणं हे गावाचं वाईट कसं होईल? उलट भलंच. शब्द तर आपल्याच बाजूचा आहे. या मंडळींनी घाईत वाक्य ढिलं बांधलं, असं त्यांना वाटलं आणि मनातून थोडं हसूही आलं. त्यांनी चिमटीत भंडारा घेतला, मोठ्यानं म्हटलं, "गावाच्या वाईटावर म्या जाणार न्हाई," आणि परडीला हात लावून नमस्कार केला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली. भंडारा उधळला गेला. माणसं नखशिखांत पिवळी होऊन देवळाबाहेर पडली. बाहेर वेशीपर्यंत उभ्या असलेल्या बायकापोरांना बातमी लागली, आणि लगेच कुणीतरी वाजंत्री आणायला पळालं. हलगी वाजवायला शेजारच्या गावाहून माणूस आणावा लागला.

इथं नाना चुकले. मला त्यांचा राग येतो तो इथंच. शब्द नीट बसला की माणूस सुटतो, असं त्यांना कलमांनी शिकवलं होतं. पण भंडारा काय कलम आहे? त्यात शब्दाला कोण विचारतो?

राहीबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमी शबुद बघितला. त्यांनी हात बघितला."

"कोर्टात हात बघत न्हाईत. शबुदच बघत्यात."

"आन् दगडामावशीला सांगितलंसा? तुमच्या पोटात काय हाय त्ये?"

"तिला कशाला? बोलता बोलता तिच्या तोंडातनं गेलं तर समद्यांस्नी कळंल, मग मला कोर्टाच्या पायरीपतुर पोचू देणार न्हाईत. तारखेला दिसंलच की तिला." तव्यावरची भाकरी करपली, ती राहीबाईंनी नानांच्याच ताटात वाढली.

तारखेच्या दिवशी गाव दोन जीप करून सांगलीला गेलं. दोन पार्ट्यांच्या दोन नव्हेत. आता सगळे मिसळून बसले होते. नाना पहाटेच्या एसटीनं एकटे गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात ते बाकावर बसले तेव्हा दगडाबाई आत साक्ष देऊन बाहेर येत होती. डोक्यावरचा पदर कपाळाच्याही खाली ओढलेला. तिच्या एका बाजूला बिराप्पाची बायको, दुसऱ्या बाजूला तायाप्पाची. नानांना वाटलं, कोर्टाला बिचकली असेल. ते उठून 'भिऊ नगं, मावशी' म्हणणार तोच शिपायानं त्यांच्या नावाचा पुकारा केला. ती मान वर न करता निघून गेली.

नाना पिंजऱ्यात उभे राहिले. ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाले आणि सगळं सांगितलं. कुठं उभा होतो, मिरवणूक कशी वळली, धुळा कुठल्या दारातून आला, सोटा कसा उचलला. मागच्या बाकावर हिवरखिंडी बसली होती. ती आधी चपापली, मग कुजबुजली. बिराप्पाचं तोंड उतरलं. नानांनी तिकडं बघितलंही नाही. त्यांच्या छातीत कितीतरी दिवसांनी हवा भरली होती.

धुळाचा वकील शहरातला, गोड बोलणारा. त्यानं विचारलं, "पाटील, मिरवणुकीत गुलाल फार होता?"

"व्हता."

"सगळ्यांची तोंडं लाल झाली होती?"

"नाचणाऱ्यांची झाली व्हती."

"मग अशा लाल तोंडांच्या गर्दीत कोण कोण आहे, हे ओळखता येत नव्हतं. बरोबर?"

"न्हाई, साहेब. गुलाल जिकणारा लावतो. धुळा हरलेल्या पार्टीचा. समद्या गर्दीत कोरं तोंड त्येचं एकट्याचं व्हतं. त्येच तर लांबनं दिसत व्हतं."

लिहिता लिहिता न्यायाधीशांचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून नानांकडे बघितलं. एवढा एक क्षण नानांचा होता, आणि तो त्यांना मिळाला हे बरंच झालं म्हणायचं, कारण पुढं दुसरा मिळाला नाही.

वकील जराही गडबडला नाही. "मयताची आई तुमच्या आधी साक्ष देऊन गेली. तिनं काय सांगितलं, कल्पना आहे?"

"जे बघितलं त्येच सांगितलं आसणार."

"तिनं सांगितलं की तिचा मुलगा दारू प्यायला होता. वाजवता वाजवता पाय घसरून दगडी पायरीवर पडला. तिच्या डोळ्यांदेखत. आणि धुळाचं नाव तिनं आधी घेतलं, ते पोलीस पाटलांनी सांगितलं म्हणून." वकील तशाच गोड आवाजात पुढं म्हणाला, "तुमचं आणि तायाप्पांचं बांधावरून भांडण आहे ना, पाटील?"

बांधाचं भांडण होतं. गावात कुणाचं नसतं? पण नानांना तो प्रश्न ऐकूच आला नव्हता. लखू आयुष्यात दारूला शिवला नव्हता, हे ते मनात घोकत होते. न्यायाधीशांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली.

धुळा सुटला. न्यायाधीशांनी काही वावगं केलं असं म्हणवत नाही. अशी जखम पडूनही होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले होते. पोराची आई म्हणत होती की पडला. सगळं गाव म्हणत होतं की काही दिसलं नाही. आणि मारलं म्हणणारा एकटा माणूस, तोही बांधभाऊ. कायदा आंधळा असला तरी त्याला डोकी मोजता येतात.

वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं नानांनीच कधीकाळी चावडीत उभं राहून गावाला ठणकावलं होतं. म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं नाही. राहीबाई दळण घेऊन गेल्या की गिरणीचा पट्टा तेवढा निसटायचा. दुसऱ्या गिरणीचाही निसटायचा. टँकरचं पाणी त्यांच्या दारी यायच्या आधी संपायचं. न्हाव्याचा हात दुखायचा. जत्रा थाटात भरली. पालखीला दोन्ही चुलतभावांनी बरोबर खांदा दिला. नाना दर्शनाला गेले तेव्हा पुजाऱ्यानं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला नाही, परडी झाकून म्हणाला, "तुमी एकदा मोडलाय." त्या साली पाऊस पडला नाही. कुणामुळं, हे सांगायला ज्योतिषी लागला नाही.

पुढं नानांची मुदत संपली तेव्हा त्यांना पुन्हा पोलीस पाटील नेमू नये असा अर्ज प्रांताकडे गेला. हिवरखिंडीच्या दोन्ही पार्ट्यांनी मिळून केलेला तो पहिला अर्ज. बिल्ला जमा झाला. बिराप्पा पंचायत समितीवर गेला. पुढची ग्रामपंचायत बिनविरोध झाली, आणि तीत धुळा सदस्य झाला. एका वर्तमानपत्रात गावाच्या एकोप्याचं कौतुक छापून आलं. योजनेचं पाणी तेव्हा गावापासून फार लांब कुठंतरी अडलेलं होतं, आणि तिथंच राहिलं.

हे सगळं नानांनी सोसलं. फौजेतला माणूस, चालायची सवय होती. दळण दुसऱ्या गावाला नेऊ लागले. एकच गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरेना. दगडाबाई. ज्या म्हातारीसाठी गाव अंगावर घेतलं, तिनंच आपल्याला खोटं पाडावं? विकली गेली, असं ते राहीबाईंना म्हणायचे. तिच्या वाटेला जायचं त्यांनी सोडून दिलं. समोरून दिसली तर आडवाट धरायचे. वर्षं अशीच गेली.

मग एका बाजाराच्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं समोरासमोर आली. दुसरं कुणीच नव्हतं. दगडाबाईपाशी केरसुण्यांचा भारा होता, आटपाडीच्या बाजारात विकायला. नानांना आडवाट नव्हती. दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभी होती. शेवटी नानाच पलीकडे गेले.

"मावशी, तुला भ्या दाखवलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग?"

"झालं त्ये झालं, पाटील. आता कशापायी?"

"मी आता पाटील न्हाई. आन् इचारतोय म्हंजे इचारतोय. लखू दारू प्याला व्हता असं तू म्हणलीस. आई हुन."

म्हातारीनं भारा खाली ठेवला. "म्हनली. वकिलानं पढवलं, तसं समदं म्हनली. तवापासनं त्येच्या नावानं निवद दावाया हात उचलत न्हाई माझा." मग ती म्हणाली, "तुमी देवळात भंडारा उचलला, तवा म्या वेशीपाशी उभी व्हती. आतलं काय ऐकू येत न्हाई तिथं. चांगभलं तेवढं ऐकू आलं. माणसं पिवळी हुन भाईर आली आन् म्हनली, पाटलांनी उचलला, पाटील फिरलं. म्हनलं, संपलं. तुमी बोलाल तवा म्या बोलीन, आसं ठरलं व्हतं आपलं. तुमीच न्हाई म्हनल्यावर म्या एकटी कुणाच्या जिवावर बोलू? त्याच पांदीनं जायाचं, त्याच हिरीवर भरायचं."

नाना घाईघाईनं सांगू लागले, "आगं, पर म्या तसं न्हाई म्हनलो. गावाच्या वाईटावर जाणार न्हाई, येवढंच म्हनलो. लखूचं खरं सांगणं हे वाईट व्हय? माझ्या मनात तवाच व्हतं, कोर्टात समदं सांगायचं. मनातनं म्या फिरलोच नव्हतो, मावशी."

दगडाबाईला राग आलेला दिसत नव्हता. राग आला असता तर नानांना जरा बरं वाटलं असतं.

"मनातलं मला कसं दिसावं, पाटील?" ती म्हणाली. "येवढं मला येऊन सांगायचं व्हतं. खालची वस्ती काय परमुलखात व्हती?"

एसटी आली. कंडक्टरनं दार उघडलं. म्हातारीनं भारा आत ढकलला आणि दांडीला धरून ती वर चढली. नानांनाही आटपाडीलाच जायचं होतं, पण ते चढले नाहीत.